न केलेल्या चुकीची माफी

“तुला दोन डोळे आहेत हे तुला ठाऊक आहे. पण परिषद म्हणाली की एकच आहे, तर तूही एकच म्हण.” जून १४१५ मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टन्स शहरात चर्चची परिषद भरली होती. तिथल्या कोठडीत असलेल्या यान हुस या चेक प्रवचनकाराला एका विद्वान धर्मपंडिताने हा सल्ला दिला. हुसने तो पत्रात लिहून ठेवला आणि आपलं उत्तरही लिहून ठेवलं: सगळं जग जरी तसं म्हणालं, तरी माझी बुद्धी शाबूत असेपर्यंत मनाशी बेइमानी केल्याशिवाय मला ते म्हणता येणार नाही. ६ जुलैला त्याला जिवंत जाळलं.

सल्ला देणारा दुष्ट नव्हता, हे आधी सांगायला हवं. त्याला हुसचा जीव वाचवायचा होता. त्या महिन्यात कोठडीत येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच सांगत होता. एकाने तर लिहून कळवलं की, खोटी शपथ घेतलीस तर पाप तुझ्या माथी येणार नाही, घ्यायला लावणाऱ्यांच्या माथी जाईल. आपल्या भाषेत सांगायचं तर, माफी मागून टाक आणि विषय संपव.

हे वाक्य आपण रोज ऐकतो. एखादा पुढारी, नट, प्राध्यापक, संपादक काहीतरी बोलतो. कुणाच्या तरी भावना दुखावतात, दुसऱ्या दिवशी मोर्चा, तिसऱ्या दिवशी दिलगिरीचा व्हिडिओ. बोललेलं खरं की खोटं, याची चौकशी तिथेच थांबते. हुसला आपण ओळखतो तो ‘लूथरच्या आधीचा लूथर’ म्हणून, धर्मसुधारणेच्या इतिहासातला अग्रदूत म्हणून, अर्ध्या ओळीत. मला तो महत्त्वाचा वाटतो तो वेगळ्या कारणासाठी. त्याला मरण आलं ते त्याच्या मतांमुळे जितकं, तितकंच एका माफीनाम्यावर सही न केल्यामुळे. जबरदस्तीच्या माफीत नेमकं काय सडकं असतं, हे त्याच्या खटल्याइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

हा माणूस जन्मतः हुतात्मा वगैरे अजिबात नव्हता. दक्षिण बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, हुसिनेत्स गावचा, साधारण १३७० चा जन्म. गावाच्या नावावरून ‘हुस’, आणि चेक भाषेत ‘हुसा’ म्हणजे हंसासारखी पाळीव बदक, गूज. तो स्वतःच या नावावर विनोद करायचा. प्रागला शिकायला आला तेव्हा इतकी गरिबी, की पावाचा चमचा करून त्याने वाटाणे खायचे आणि वाटाणे संपले की चमचाही खाऊन टाकायचा. हे त्यानेच लिहिलंय. पाद्री व्हायचं का ठरवलं, तेही त्याने न लपवता सांगितलंय: चांगलं खायला-ल्यायला मिळेल आणि लोक मान देतील म्हणून. १३९६ मध्ये तो मास्टर झाला, १४०० मध्ये दीक्षा घेतली, आणि १४०२ मध्ये प्रागच्या बेथलेहेम चॅपेलमध्ये प्रवचनकार म्हणून नेमला गेला. खरा हुस घडला तो तिथे.

ते चॅपेल १३९१ मध्ये उभारलं होतं आणि त्यात एकच खास गोष्ट होती: प्रवचन चेक भाषेत. साधारण तीन हजार माणसं मावत. कसाई, सुतार, शिंपी, मोलकरणी आणि अधूनमधून खुद्द राणी सोफिया. लॅटिन न कळणाऱ्या माणसाला बायबल त्याच्या बोलीत ऐकवायचं तर ती बोली नीट लिहिताही आली पाहिजे. चेक भाषेत लॅटिन लिपीत नसलेले ध्वनी फार, त्यामुळे लोक एका आवाजासाठी दोन-दोन, तीन-तीन अक्षरं जोडत. अक्षरं न जोडता वर नुसता टिंब द्या, ही सुधारणा हुसच्या नावावर सांगितली जाते. आजच्या चेक लिपीतली अक्षरांवरची उलटी टोपी त्या टिंबातूनच आली. अनुस्वारासाठी हमरीतुमरीवर येणाऱ्या मराठी माणसाला एका टिंबाचं मोल वेगळं सांगायला नको.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. चर्चच्या म्यानात १४०९ पासून तीन होत्या. १३७८ पासून रोमला एक पोप आणि आव्हिन्यॉंला एक. दोघांनाही काढायला म्हणून पिसाला धर्मपरिषद भरली, तिने तिसरा नेमला. पहिले दोघे काही हटले नाहीत. त्याच सुमारास ऑक्सफर्डहून इंग्रज धर्मपंडित जॉन विक्लिफचे ग्रंथ प्रागला येत होते, आणि चर्चचा खरा प्रमुख ख्रिस्त की पोप, हा प्रश्न विद्यापीठाच्या वर्गांत घुमत होता. आर्चबिशप झ्बिनेकने १४१० मध्ये विक्लिफच्या पोथ्यांची होळी केली. प्रागच्या रस्त्यांवर लगेच गाणं झालं. त्याचा आशय असा, की अबकड शिकणाऱ्या बिशपने पुस्तकं जाळली, आत काय लिहिलंय ते न कळताच.

निर्णायक ठिणगी मात्र तत्त्वज्ञानाची नव्हती, पैशाची होती. १४१२ मध्ये तिसऱ्या गादीवरचा पोप तेविसावा जॉन, मूळ नाव बाल्दासारे कोसा, नेपल्सच्या राजाशी युद्ध करत होता आणि त्या खर्चासाठी पापमुक्तीपत्रं विकत होता. प्रागच्या चर्चमध्ये पेट्या ठेवल्या गेल्या. बोहेमियाचा राजा वेन्सेस्लासला त्यात वाटा होता. हुसने उघड विरोध केला, आणि आजवर पाठीशी असलेला राजा पाठीशी राहिला नाही. विक्रीच्या वेळी चर्चमध्ये ओरडून निषेध करणाऱ्या तीन तरुणांची मुंडकी उडवण्यात आली. पुढे हुस जिथे असेल तिथले धर्मविधी बंद, असा हुकूम निघाला. म्हणजे तो शहरात असेपर्यंत बाप्तिस्मा नाही, लग्न नाही, ख्रिस्ती पद्धतीचं दफन नाही. लोकांना वेठीला धरून एका माणसाला हाकलण्याचा हा जुना मार्ग. हुस निघून गेला, पण जाण्याआधी त्याने एक अपील दाखल केलं: पोपच्या निकालाविरुद्ध, थेट येशू ख्रिस्ताकडे. कायद्याच्या दृष्टीने या अर्जाची किंमत शून्य होती. कुठल्या न्यायालयात तो दाखल करून घेणार? पण मला त्यात भाबडेपणा दिसत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या विकल्या गेल्यात, हे त्याने कायद्याच्याच भाषेत सांगितलं.

दोन वर्षं त्याने दक्षिणेत गढ्यांवर आश्रय घेऊन काढली. शेतात, झाडाखाली प्रवचनं दिली. चर्चविषयीचा त्याचा मुख्य ग्रंथ याच काळात, १४१३ मध्ये पुरा झाला. मग कॉन्स्टन्सचं बोलावणं आलं. तीन पोपांचा घोळ मिटवायला तिथे परिषद भरत होती, आणि तिचा पाठीराखा जर्मन राजा सिगिस्मुंड याने हुसला अभयपत्र देऊ केलं. ३ नोव्हेंबर १४१४ ला हुस पोचला, कागद दोन दिवसांनी हाती पडला, आणि २८ नोव्हेंबरला अटक झाली. पहिली कोठडी सरोवरातल्या बेटावरच्या मठात, संडासाच्या गटाराला लागून. तिथे तो मरता मरता वाचला. पाखंड्याला दिलेला शब्द पाळण्याचं बंधन नसतं, अशी पळवाट अभयपत्रासाठी शोधली गेली.

इथे इतिहासाने केलेली थट्टा सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्च १४१५ मध्ये परिषद आपल्यालाच काढणार, हे ओळखून पोप तेविसावा जॉन वेषांतर करून पळाला. हुसला मग गोटलीबेनच्या किल्ल्यात साखळदंडात ठेवलं. पळालेला पोप पकडला गेला, २९ मे रोजी परिषदेने त्याला पदच्युत केलं, आणि त्यालाही त्याच गोटलीबेनमध्ये आणून ठेवलं. पापमुक्तीपत्रं विकणारा आणि त्याला विरोध करणारा एकाच किल्ल्याचे कैदी. कोसा पुढे सुटला, कार्डिनल झाला. फ्लोरेन्समध्ये त्याची संगमरवरी समाधी आहे, दोनातेल्लो आणि मिकेलोत्सो यांनी घडवलेली.

खटल्याची जाहीर सुनावणी ५, ७ आणि ८ जूनला झाली. पहिल्या दिवशी इतका गोंगाट, की आरोपीचा आवाजच ऐकू येईना. नंतर जे झालं ते हुसचा सोबती प्येटर म्लादोन्योवित्से याने टिपून ठेवलं, म्हणून आपल्यापर्यंत आलं. हुसवरचे आरोप दोन जातींचे होते. काही त्याच्याच ग्रंथातून उचललेले, अनेकदा मोडूनतोडून. काही त्याने कधीच न म्हटलेले: प्रभुभोजनातली भाकर भाकरच राहते, ख्रिस्ताचं शरीर होत नाही, असं तो शिकवतो, हा विक्लिफचा विचार त्याच्या गळ्यात मारलेला. त्याचं म्हणणं सोपं होतं. जे माझं आहे ते चूक असेल तर शास्त्रातून दाखवा, मी सोडतो. पण जे मी कधी मानलंच नाही, ते ‘शपथेवर सोडतो’ असं कसं म्हणू? ‘सोडणे’ म्हणजे आधी धरलेलं सोडणे. हा अर्थ त्याने शब्दकोशाचा हवाला देऊन सांगितला.

त्यावर सिगिस्मुंड म्हणाला, त्यात काय अडचण आहे? मी तर सगळ्या चुकांचा शपथेवर त्याग करायला तयार आहे, म्हणून काय मी त्या केल्या होत्या असं होतं? हुस म्हणाला, महाराज, त्या शब्दाचा अर्थ तो नाही.

मला हा संवाद सगळ्या खटल्याचा गाभा वाटतो. राजाच्या दृष्टीने माफीनामा हा शिष्टाचार होता. हुसच्या दृष्टीने ती साक्ष होती. शिष्टाचार पोकळ असला तरी चालतो, पोकळ साक्षीला मात्र खोटी साक्ष म्हणतात. शिवाय बेथलेहेम चॅपेलमध्ये दहा वर्षं ऐकणाऱ्यांना काय कळलं असतं? आमचा गुरुजी आम्हाला पाखंड शिकवत होता आणि आता कबूल झाला, हेच.

सातवीत असताना मधल्या सुट्टीत आमच्या वर्गाची काच फुटली. चौघांना उभं केलं, त्यात मी. मी तेव्हा पाणी प्यायला गेलो होतो, सांगून पाहिलं. “केलं असशील नसशील, लिहून दे आणि घरी जा,” असं म्हणून सरांनी मजकूर सांगितला, आम्ही रेघांच्या कागदावर उतरवला. खाली पालकांची सही. तो कागद खरा आहे असं सरांनाही वाटत नव्हतं. काच कुणी फोडली ते आजतागायत कळलेलं नाही, कारण चार माफीनामे हाती आल्यावर कुणाला ते शोधायची गरजच उरली नाही. कॉन्स्टन्सपुढे ही फारच किरकोळ गोष्ट, पण घाईने लिहून घेतलेल्या माफीने चौकशी कशी गाडली जाते ते मला पहिल्यांदा तिथे समजलं.

कॉन्स्टन्समध्ये तर याचा पुरावाच आहे. ८ जूनला सुनावणी संपल्यावर हुसला नेलं, आणि त्याचे मित्र अजून खिडकीपाशी आहेत हे ध्यानात न येता सिगिस्मुंड धर्माधिकाऱ्यांना म्हणाला: याने मत मागे घेतलं तरी विश्वास ठेवू नका, मी ठेवणार नाही. बोहेमियात परत गेला की पुन्हा तेच करेल. म्हणजे ज्या माफीसाठी महिनाभर गळ घातली जात होती, ती मिळाली असती तरी तिच्यावर कुणाचा भरवसा नव्हता. मग ती हवी कशाला होती? हुसच्या तोंडून हुसला खोडून काढायला.

दुसरी बाजू कमकुवत होती असं नाही. परिषदेत प्येर दायी आणि जाँ जेर्सों यांच्यासारखे फ्रेंच धर्मपंडित होते, तेही चर्चमधल्या भ्रष्टाचाराने कावलेले. १४१७ मध्ये एकच पोप निवडून परिषदेने चाळीस वर्षांची फूट खरोखरच मिटवली. प्रत्येक प्रवचनकार ‘माझं मन सांगतं’ म्हणून उभा राहिला तर कुठलीच संस्था टिकणार नाही, ही त्यांची भीती खोटी नव्हती. कार्डिनल झाबारेल्लाने हुससाठी सौम्य शब्दांचा मसुदा तयार केला होता, तोही प्रामाणिकपणे. पण दोषी पोप आणि पाखंडी प्रवचनकार यांना लावलेली मापं वेगळी होती. पापी पोप हा ख्रिस्ताचा खरा वारस नव्हे, हे हुसचं म्हणणं त्यांना घातक वाटलं. त्याच परिषदेने दहा दिवसांपूर्वी एका पोपला त्याच्या गुन्ह्यांसाठी काढलं होतं. हुसने हे बोलून दाखवलं. पापी राजाही देवापुढे लायक राजा नव्हे, असं तो म्हणाला तेव्हा खिडकीत गप्पा मारणाऱ्या सिगिस्मुंडला मुद्दाम बोलावून ते पुन्हा म्हणायला लावलं गेलं. धर्माच्या खटल्यात राजाची नाराजी कामाला येते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि हुसला आजच्या सहिष्णुतेचा पुतळा करण्यातही अर्थ नाही. पाखंड्याला आधी प्रेमाने, शास्त्राने समजवा, आणि तरी ऐकलं नाही तर शरीरदंड द्यायला हरकत नाही, असं त्याने सुनावणीत मान्य केलं होतं. १४०९ मध्ये प्राग विद्यापीठात चेकांना तीन आणि बाकी तिघा ‘राष्ट्रां’ना (म्हणजे प्रदेशानुसार पाडलेल्या गटांना) मिळून एक मत देणारा राजाचा हुकूम निघाला, जर्मन प्राध्यापक रागाने निघून गेले आणि लाइपझिगला विद्यापीठ झालं. त्या झगड्यात हुस जिंकणाऱ्या बाजूला होता.

‘जिवंत राहिला असता तर जास्त काम केलं असतं’ हा आक्षेप मात्र मला पटत नाही. तो प्रयोग करून झालेला आहे. प्रागचा जेरोम, हुसचा मित्र, सप्टेंबर १४१५ मध्ये वाकला. हुस आणि विक्लिफ यांची शिक्षा योग्य होती, असं त्याने परिषदेपुढे म्हटलं. त्याला सोडलं का? नाही. आणखी आठ महिने कोठडीत ठेवून नवे आरोप काढले. मे १४१६ मध्ये त्याने उभं राहून सांगितलं की, आयुष्यातल्या कुठल्याच पापाने मला इतकं छळलं नाही जितकं त्या कबुलीने. ३० मे रोजी त्यालाही त्याच जागी जाळलं.

पुढचा इतिहास थोडक्यात. हुसला जाळल्यावर दोन महिन्यांत ४५२ चेक सरदारांनी निषेधपत्रावर मोहरा उमटवल्या. १४१९ मध्ये प्रागच्या नगरसभेतल्या लोकांना खिडकीतून खाली फेकलं गेलं आणि पंधरा वर्षांचं युद्ध पेटलं. हुसच्या अनुयायांचा सेनापती यान झिझ्का, त्याच्या शेतकऱ्यांनी गाड्यांचा कोट करून एकामागून एक धर्मयुद्धं परतवली. ‘पिस्तूल’ आणि ‘हॉवित्झर’ हे शब्द त्यांच्याच हत्यारांवरून आले, असं मानतात. या लोकांनी मठ जाळले, भिक्षू मारले. त्याचं खापर हुसवर फोडणं अन्याय, आणि ते विसरून जयजयकार करणं लबाडी. याच चळवळीतून १४५७ मध्ये शस्त्र न धरणारा एक पंथ निघाला, देशोधडीला लागला, अठराव्या शतकात जर्मनीतल्या हर्नहुटला पुन्हा उभा राहिला. त्याच पंथाच्या, म्हणजे मोरावियन, मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आधी केलाँग आणि मग लेह गाठलं. दर उन्हाळ्यात लडाखला जाणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी बरेच जण लेहच्या बाजाराजवळच्या मोरावियन चर्चवरून जातात. त्या नावामागे कॉन्स्टन्सची चिता आहे, हे ठाऊक असायचं कारण नाही.

हुसला नंतर सगळ्यांनीच वापरलं. १९१५ मध्ये प्रागच्या चौकात त्याचा भव्य पुतळा उभा राहिला. पुढे नव्या प्रजासत्ताकाने ‘सत्याचा विजय होतो’ हे शब्द राष्ट्राध्यक्षांच्या ध्वजावर घेतले. १९२५ मध्ये त्याची पुण्यतिथी सरकारी इतमामाने साजरी झाली म्हणून पोपचा राजदूत प्राग सोडून गेला. अठराव्या शतकात पाडलेलं बेथलेहेम चॅपेल १९५० च्या दशकात पुन्हा बांधलं कुणी? कम्युनिस्ट सरकारने. त्याच वर्षांत ते सरकार आपल्या विरोधकांकडून पाठ करून घेतलेले कबुलीजबाब न्यायालयात वदवून घेत होतं.

आणि मग १७ डिसेंबर १९९९. व्हॅटिकनमध्ये हुसवरच्या परिसंवादाला आलेल्या अभ्यासकांपुढे पोप दुसरे जॉन पॉल यांनी हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल खोल खेद व्यक्त केला. ५८४ वर्षांनी. शिक्षा मात्र रीतसर रद्द झालेली नाही. यावर ‘ही कसली अर्धवट माफी’ अशी टीका झाली. मला पूर्वी तसंच वाटायचं, आता वाटत नाही. मृत्यू क्रूर होता असं चर्चला आज मनापासून वाटतं, ते त्याने म्हटलं. हुसची चर्चविषयीची सगळी मतं बरोबर होती असं वाटत नाही, ते म्हटलं नाही. कुणी मान पिरगाळली म्हणून आणखी चार शब्द जोडले असते, तर हुसच्याच तत्त्वाचा तो अपमान झाला असता. जे मानत नाही ते म्हणू नका, एवढंच तर त्याचं मागणं होतं. त्या खेदाला अनेक वर्षांच्या अभ्यासाची, कागद पुन्हा वाचण्याची पार्श्वभूमी होती. आपल्याकडे चोवीस तासांत मागवल्या जाणाऱ्या माफीत ती कुठे असते?

माफी या गोष्टीशीच हुसचं वाकडं होतं असं नाही, हे तर मी विसरतच होतो. कॉन्स्टन्सला निघताना त्याने आपल्या एका शिष्याला मोहोरबंद पत्र दिलं: मी मेलो अशी खात्री झाल्याशिवाय उघडू नकोस. आत कबुली होती. दीक्षेआधी मी बुद्धिबळात फार वेळ घालवला, खेळताना स्वतः चिडलो आणि दुसऱ्यांनाही चिडवलं. भारी कपड्यांचा मला सोस होता. कुणी मागितलेली नव्हती ही माफी.

शेवटच्या दिवसांत त्याला कन्फेशन द्यायचं होतं. कुणापुढे, असं विचारल्यावर त्याने श्टेपान पालेच याचं नाव घेतलं. पालेच म्हणजे प्रागमधला जुना मित्र, आणि आता त्याच्यावर आरोप रचणाऱ्यांत सगळ्यात पुढे असलेला माणूस. कन्फेशन ऐकायला परिषदेने दुसऱ्याच पाद्र्याला पाठवलं, पण पालेच कोठडीत येऊन गेला. हुस त्याला म्हणाला, मी तुला काही टोचून बोललो असेन तर क्षमा कर, विशेषतः लिखाणात तुला ‘बनवाबनवी करणारा’ म्हटलं त्याबद्दल. दोघेही रडले. पालेचने त्याला पुन्हा एकदा, मत मागे घे म्हणून विनवलं. हुसने त्या एका शब्दाची माफी मागितली, आरोपांच्या तीस कलमांची नाही.